चौघांची एक खोली, तीन वर्षं झाली. भाडं वाढतंय, गॅलरी चालू ठेवावी की शटर खाली ओढावं?

रंकाळ्याचा वारा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता गळ्याशी आलंय म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे, चहा घेऊन या.

आम्ही चौघं कोल्हापूरचे. मी हायस्कूलवर चित्रकला शिकवतो, दुसरा शिल्पकार (म्हणजे पोटासाठी कारखान्यांच्या दिवंगत चेअरमनांचे अर्धपुतळे), तिसरी डिझाईनची कामं करते आणि चौथा पूर्णवेळ चित्रकार, म्हणजे चौघांत सगळ्यात कडका. २०२२ च्या पाडव्याला मंगळवार पेठेत एका जुन्या घराची रस्त्याकडची खोली घेतली. आधी तिथं सायकल दुकान होतं, फरशीवर अजून ग्रीसचे डाग आहेत, कितीही घासा जात नाहीत. १४ बाय २२. तीन भिंती, एक शटर, वर माळा. त्यालाच आम्ही गॅलरी म्हणतो.

का घेतली? शाहू स्मारकचं कलादालन आहे की, पण ते आठवड्यापुरतं भाड्यानं घ्यायचं आणि आठवडा संपला की चित्रं रिक्षात घालून घरी. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार ह्या कलासंस्थेची मैफल असते, ती वर्षातनं एकदा. आम्हाला पाहिजे होती अशी जागा की जिथं जी.डी. आर्टचा डिप्लोमा झालेलं पोरगं पहिलं प्रदर्शन खिशात दमडी नसताना लावेल. म्हणून भिंतीचं भाडं घ्यायचं नाही हा पहिल्या दिवसापासून नियम. चित्र विकलं तर २० टक्के आमचे, नाही विकलं तर चहा आमचा.

आता हिशेब, महिन्याचा. भाडं ९,५००. लाइटबिल कमर्शियल मीटरचं साधारण १,७००. झाडलोट करणाऱ्या मावशी १,२००. चहापाणी १,०००. खिळे, पुट्टी, रंग, बल्ब असं सरासरी ७००. एकूण १४,१००. आम्ही चौघं दोन-दोन हजार घालतो ते ८,०००. रविवारी सकाळी तिथंच एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा क्लास घेतो, १४ पोरं, ४०० रुपये, ते ५,६००. दरमहा पाचशेची खोट. तीन वर्षांत २१ प्रदर्शनं झाली, एकूण विक्री १ लाख ४६ हजार, त्यातले २९ हजार आमच्या वाट्याला, त्यातनं ती खोट भागली आणि वर थोडे उरले. म्हणजे कागदावर आम्ही बुडालेलो नाही!

पण मालक आजोबा मार्चमध्ये गेले. मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं १३,००० भाडं आणि डिपॉझिट पन्नास हजारांचं एक लाख. माणूस वाईट नाही, शेजारच्या मोबाईलवाल्याला तो हेच म्हणाला आणि त्यानं एका दिवसात होय म्हटलं. आम्ही महिनाभर नुसती बैठक घेतोय.

कुणी अशी जागा चालवली असेल, चालवून बंद केली असेल, तर सांगा. शुभेच्छा नकोत, आकडे द्या.

चहाबिस्कीट

वाचतेय. शटरवाली गॅलरी ही कल्पनाच भारी आहे. फोटो टाका की राव.

निळी शाई

कडू वाटेल पण आकडे तुम्हीच मागितलेत. प्रत्येकी ७२ हजार घातलेत तुम्ही तीन वर्षांत, चौघांचे मिळून २ लाख ८८ हजार. एवढ्यात चौघांचंही मुंबईत प्रदर्शन झालं असतं, कॅटलॉग छापून. त्याऐवजी तुम्ही दुसऱ्यांची चित्रं लावत बसलात. मधल्या काळात तुमची स्वतःची किती चित्रं झाली ते पण सांगा, तोही खर्चच आहे.

रंकाळ्याचा वारा

@निळी शाई, माझी अकरा. तीन वर्षांत अकरा. शिल्पकाराचं स्वतःचं असं एकच काम झालं. वर्मावर बोट ठेवलंत.

पण मुंबईत प्रदर्शन करून परत आल्यावर काय? माझ्या गल्लीतल्या माणसानं मी काय करतो ते कधी बघायचं? आमच्याकडं रोज एक दूध घालणारे मामा येतात, संध्याकाळचा रतीब संपला की कॅन दारात ठेवून आत चक्कर मारतात. पहिले सहा महिने फक्त ‘केवढ्याला?’ एवढंच विचारायचे. आता ‘ह्या पोरानं पाणी चांगलं सोडलंय, पण आभाळ घाण केलंय’ असं म्हणतात आणि ते बरोबर असतं. ह्याचा आकडा कुठल्या रकान्यात लिहू?

लोकल ९:१२

मुंबईकर इथं. ते ‘मुंबईत प्रदर्शन झालं असतं’ वाचून हसू आलं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची, अजूनही तिथं अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघतात लोक. नंबर लागला की एक आठवडा. सात दिवसांत कोण आलं कोण नाही, संपलं.

तुमच्यासारखी जागा मुंबईत पूर्वीपासून आहे, काळा घोड्याला अडोर हाऊसमधलं आर्टिस्ट्स सेंटर. चित्रकार के. एच. आरा तिथं सेक्रेटरी होते. त्यांच्याच प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले हुसेन, रझा, सूझा यांची नावं सगळ्यांना माहीत, आरांचं नाव घेताना लोक अडखळतात, कारण रझा, सूझा परदेशी गेले आणि आरा इथं जागा सांभाळत बसले, नवीन पोरांना उभं करत राहिले. म्हणजे निळी शाईंचा मुद्दा चुकीचा नाही हो, जो बसतो त्याचं स्वतःचं काम मागं पडतं, हे जुनंच आहे.

पण पैशाचं सांगतो. जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केकू गांधींनी १९६३ साली गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याच्या आधी चाळीसच्या दशकापासून त्यांचा धंदा कशाचा? फ्रेमांचा. लोक चित्र विकत घेवोत न घेवोत, फ्रेम सगळ्यांना लागते, आज्जीच्या फोटोला लागते, डिग्रीच्या सर्टिफिकेटला लागते. तुमच्याकडं माळा आहे म्हणालात ना, तिथं एक मायटर सॉ (पट्टी तिरकी कापायची करवत) आणि पट्ट्यांचे दहा नमुने ठेवा. मंगळवार पेठेत लग्नाचे फोटो कमी आहेत का?

जमाखर्च

पुण्यातून, पेशानं सीए, हौसेनं जलरंग. मला चित्रातलं कमी आणि कागदातलं जास्त कळतं म्हणून तेवढंच बोलतो.

एक. मालकाच्या मुलाबरोबर करार कसा करताय? ‘११ महिन्यांचा केला की रजिस्टर करायला लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्ड लागतं, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करार रजिस्टर्ड नसेल आणि भांडण झालं तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, म्हणून शहाणा मालक स्वतःच करून घेतो. ऑनलाइन होतं. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तुमच्या आकड्यांना फार काही बसत नाही. तुमचा आत्तापर्यंतचा करार नक्की तोंडी असणार, पैज लावतो.

दोन. एकदम भाडं कबूल करण्यापेक्षा कराराचा काळ मागा. १२ हजारांनी ११ महिने घेण्यापेक्षा ११ हजारांनी ३ वर्षं आणि दरवर्षी ५ टक्के वाढ हे तुम्हाला परवडतं, त्यालाही बरं, पुण्याहून दरवर्षी यायला नको.

तीन. जीएसटीला घाबरू नका. तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आसपाससुद्धा नाही. चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, पण तो सध्या तुमचा प्रश्न नाही. तुमचा प्रश्न हा आहे की चौघांपैकी एकाच्या सेव्हिंग खात्यात सगळे पैसे फिरताहेत. (पुन्हा पैज.)

चार. लोक तुम्हाला सांगतील संस्था रजिस्टर करा, ग्रँट मिळेल. सोसायटी करायला कमीत कमी ७ जण लागतात, आपल्याकडं ती धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट म्हणूनही नोंदवायला लागते, मग दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. मी असे ट्रस्ट बघितलेत ज्यांचे चेंज रिपोर्ट पेंडिंग आहेत आणि विश्वस्त देवाघरी. ८०जी वर (म्हणजे करसवलत घेऊन) देणगी देणारा कुणी डोळ्यांसमोर असेल तरच त्या वाटेला जा. नसेल तर चौघांची साधी भागीदारी, स्टॅम्पपेपरवर, कोण बाहेर पडलं तर काय हे लिहून.

पाच. विमा आणि वायरिंग. कोल्हापूरकरांना मी काय सांगणार.

रंकाळ्याचा वारा

@जमाखर्च सर, दोन्ही पैजा जिंकलात. करार तोंडी, खातं माझं.

वायरिंगचं खरंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आमच्या दारातनं जाळ दिसत होता. अख्खी पेठ रस्त्यावर. १९१५ ची, शाहू महाराजांनी बांधलेली वास्तू, आमच्या चौघांचीही शाळेची गॅदरिंगं तिथं झालेली. डिझाईनवाली रडत होती आणि शिल्पकार मधेच म्हणाला, अरे आपल्या माळ्यावर टर्पेंटाईनचे दोन कॅन आहेत. त्याच रात्री कॅन काढले आणि पुढच्या आठवड्यात सायकल दुकानाच्या काळातलं सगळं वायरिंग उपटून नवीन केलं. ११ हजार गेले, विक्रीतलं वर उरलेलं सगळं त्यात गेलं.

मारुतीरोड_सांगली

मला लिहायलाच लागेल आता.

आम्ही तिघांनी सांगलीत २०१८ ते २०२१ अशी जागा चालवली. मारुती रोडजवळ, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी येणार हे माहीत होतं, २००५ बघितलेली माणसं आम्ही, चित्रं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. २००५ चं पाणी ज्या पायरीपर्यंत आलं होतं त्याच्या वर दोन पायऱ्या. पाणी अजून वर आलं. खालच्या ओळीतली १७ चित्रं गेली, त्यातली ९ आमची नव्हती, एका मिरजेच्या मुलीची होती, तिचं पहिलं प्रदर्शन. तिला फोन करायला मला चार दिवस लागले. ती म्हणाली सर आमच्या घरातच पाणी आहे, चित्रांचं काय घेऊन बसलाय.

भिंतीवरचा चिखल धुऊन पुन्हा उघडली. मग लॉकडाऊन. मग २०२१ चा पूर. सगळ्यांना वाटतं आम्ही पुरामुळं बंद केली. मी पण तसंच सांगतो, सोपं जातं. खरं असंय की पुराच्या वेळी तर पन्नास माणसं मदतीला होती, विद्यार्थी, नातेवाईक, समोरचा भेळवाला सुद्धा खराटा घेऊन. बंद पडली ती जानेवारी-फेब्रुवारीतल्या मंगळवारी. म्हणजे काहीच घडत नसताना. उद्घाटन झालंय, फोटो टाकून झालेत, आता रोज ५ ते ८.३० कुणीतरी बसायला पाहिजे आणि कुणालाच वेळ नाही. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर रोज चार वाजता ‘आज कोण?’ असा मेसेज. आधी अर्ध्या तासात उत्तर यायचं, मग तासानं, मग नुसत्या निळ्या खुणा. एकदा एक माणूस इस्लामपूरहून बायकोमुलांना घेऊन प्रदर्शन बघायला आला आणि कुलूप. बाहेर पाटीवर नंबर होता म्हणून त्यानं फोन केला. मी लग्नात होतो. काय सांगणार? तो काही बोलला नाही, बरं म्हणाला आणि ठेवला.

तुमच्या हिशेबात बसणाऱ्याचा रकाना नाही. सांगा खरं, रोज कोण बसतं?

वर्गखोली

मारुतीरोड सर, काय लिहिलंत. १७ चित्रं…

मी नाशिकला क्लास चालवते, गॅलरी नाही, पण एका गॅलरीवाल्या ग्रुपच्या खोलीत दोन वर्षं माझा क्लास होता. त्या अनुभवातून एकच सांगते, क्लास गॅलरीला पोसतो पोसतो म्हणता म्हणता गिळतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने पालकांना रोज बॅच पाहिजे असते, कारण इंटरमिजिएटला ग्रेड मिळाली की दहावीला मार्क वाढतात, त्यांना स्थिरचित्राशी घेणं नसतं. आधी रविवार, मग शनिवार-रविवार, मग डेस्क कशाला उचलायचे म्हणून तिथंच. वर्षभरात भिंतीवर स्मरणचित्राचे नमुने लागले आणि प्रदर्शनं बंद. भांडण वगैरे काही झालं नाही, आपोआप झालं. १४ चे ३० विद्यार्थी करा म्हणजे भाडं सुटेल असं तुम्हाला कुणीतरी म्हणणारच आहे. तेव्हा डेस्क रात्री उचलायचा नियम आधी करा.

निळी शाई

मीच म्हणणार होतो ३० करा 😀 बरं राहिलं.

बार्देशकर

म्हापशाहून नमस्कार. माझी गॅलरी नाय, पण मी गेली आठ-नऊ वर्षं इथल्या प्रदर्शनांत चित्रं टांगायचं काम करतो, त्यामुळे भिंतींशी ओळख.

तुमच्याकडं पंचगंगा, आमच्याकडं नुसती हवाच पाणी. जूनमध्ये टांगलेलं चित्र ऑगस्टमध्ये उतरवलं की पाठीमागं हिरवं शेवाळ. माझा उपाय फुकटातला: बाटलीचं बूच घ्यायचं, त्याच्या पाव इंची चकत्या कापायच्या आणि फ्रेमच्या मागं चार कोपऱ्यांना चिकटवायच्या. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागं हवा खेळते. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला तर हे पाहिजेच, तुमचं घर जुनं म्हणताय. गोव्यात बुचांना तोटा नाही, तुम्हाला पाठवून देतो पिशवीभर. जलरंग असतील तर मागं साधा पुठ्ठा अजिबात नको, वर्षादोन वर्षांत तांबूस ठिपके येतात, मग चित्रकार तुमच्यावर डाफरणार.

दुसरं, जागा टिकण्याचं. इथं निखिल चोप्रा, माधवी गोरे वगैरेंनी २०१४ मध्ये एचएच आर्ट स्पेसेस सुरू केलं, कलाकारांनीच चालवलेलं, परफॉर्मन्स आणि रेसिडेन्सीवाले. कोची बिएनाले ह्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं २०२५-२६ चं पर्व त्यांच्याच हातात दिलं गेलं. त्यांच्याकडं लोक येऊन राहतात, काम करतात, जेवतात, भिंतीवर टांगायला वस्तू असतेच असं नाही. सुबोध केरकरांनी पिळर्णला २०१५ मध्ये म्युझियम ऑफ गोवा उभं केलं, ते तर एका चित्रकाराचंच. बंगळूरचं वन शांतीरोड, सुरेश जयरामांचं, २००३ पासून चाललंय, ते त्यांचं राहतं घर. म्हणजे बघा, टिकलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या पायाखाली जमीन आपली आहे. भाड्याच्या खोलीत टिकायचं तर खोली जाणार हे धरूनच चालायचं. सामान असं ठेवा की दोन दिवसांत उचलता येईल. ट्रॅक लाइट छताला ठोकलेत का लोंबकळते? सुटे ठेवा, ते तुमचे आहेत, छत मालकाचं.

स्नो_आणि_सोलकढी

टोरोंटोवरून. इकडं आर्टिस्ट-रन सेंटर (कलाकारांनीच चालवलेली जागा) हा एक रुळलेला प्रकार आहे, सत्तरच्या दशकापासूनचा. टोरोंटोतलं ए स्पेस १९७१ चं, व्हँकुव्हरचं वेस्टर्न फ्रंट १९७३ चं, दोन्ही अजून आहेत. मी इथल्या एका छोट्या सेंटरवर स्वयंसेवक म्हणून शनिवारी बसते म्हणून मारुतीरोड यांचं वाचून पोटात तुटलं. मंगळवारची गोष्ट इथंही तीच आहे, फक्त इथं बसणाऱ्या एका माणसाला पगार असतो आणि तो सरकारी अनुदानातून येतो. ते अनुदान काढलं तर आमचंही शटर खाली.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी वाटते. १९६८ साली इथल्या चित्रकारांनी कारफॅक नावाची संघटना काढली, मागणी साधी होती, आमचं काम भिंतीवर लावता तर त्याचे पैसे द्या, विक्री होवो न होवो. पुढं १९८८ मध्ये प्रदर्शनाचा हक्क कॉपीराइट कायद्यातच आला. तुम्ही भिंतीचं भाडं घेत नाही हे छानच, पण उलट्या बाजूनं विचार केलाय का, चित्रकाराला काही द्यायचा?

लोकल ९:१२

ताई, इथं दीपप्रज्वलनाची समई, शाल, श्रीफळ, पाहुण्याचं पेट्रोल ह्यात तीन हजार जातात आणि ज्याचं प्रदर्शन तो स्वतःच्या पैशानं पेढे आणतो. चित्रकाराला मानधन म्हटलं तर चित्रकारच घाबरेल.

स्नो_आणि_सोलकढी

मग तेच तीन हजार त्याला द्या ना. समई घरची आणा.

चहाबिस्कीट

+१००. आणि शाल कुणीच वापरत नाही, आमच्या बाबांकडं २६ आहेत.

रंकाळ्याचा वारा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री चौघांना वाचूनही दाखवलं, माळ्यावर बसून.

मारुतीरोड सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागला कारण वही बघत होतो. आमच्याकडं अभिप्राय वहीच्या मागच्या पानांवर कोण बसलं त्याच्या सह्या असतात. ह्या वर्षी जानेवारी ते सप्टेंबर मोजल्या. पूर्णवेळवाला १४१ दिवस. मी ३८. डिझाईनवाली २२. शिल्पकार ९. आणि बाकीचे दिवस सहीच नाही, म्हणजे बंद.

१४१. तो कडका आहे म्हणून त्याला वेळ आहे असं आम्ही तिघांनी धरूनच टाकलं होतं, कधी बोललो पण नाही. दोन हजार तर तोही घालत होता! वाचून दाखवत असताना तो खाली मान घालून ब्रश धूत होता, स्वच्छ ब्रश, पाच मिनिटं. मग म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

चित्रकार अबालाल रहमानांची गोष्ट आमच्याकडं सांगतात, शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात बुडवली म्हणून. आख्यायिका असेल, पण लहानपणापासून ऐकतोय आणि दरवेळी वाटायचं असा कसा माणूस, चित्रं बुडवतो. काल वाटलं, असेल की. बघणारा गेला तर ठेवायची कुणासाठी? असो, भरकटलो.

निळी शाई, तुम्ही म्हणालात तेच शिल्पकारही म्हणाला बरं का, की बंद करूया. मतं दोन-दोन पडली. ठरलेलं लिहितो नंतर.

निळी शाई

मी बंद करा असं म्हटलेलं नाही, हिशेब पूर्ण करा म्हटलं. तो आता झाला. १४१ दिवस साडेतीन तासांप्रमाणे जवळजवळ ५०० तास होतात. माझ्या ऑफिसात पोरं ह्याहून कमी बसतात आणि पगार घेतात.

जमाखर्च

आणि भागीदारीचा कागद करताना हे तास भांडवल म्हणून धरता येतात, पैशासारखेच. लिहून काढा. मैत्रीत लिहायचं कशाला म्हणतात तेच लोक पुढं कोर्टात भेटतात.

मारुतीरोड_सांगली

आमच्या तिघांतला १४१ दिवसवाला मीच होतो. एवढंच.

रंकाळ्याचा वारा

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी. परीक्षा, पेपर, दिवाळी सगळं एकदम आलं.

तर झालं असं. मालकाच्या मुलाला पुण्यात जाऊन भेटलो, जमाखर्च सरांचा फॉर्म्युला पुढं ठेवला. तीन वर्षांना तो तयार नव्हता, २२ महिन्यांवर आला, ११,५०० आणि डिपॉझिट ७५ हजार, रजिस्टर्ड. त्याच्या वडिलांचं एक पोर्ट्रेट करून देतो म्हटलं शिल्पकारानं, त्यानं पाचशे उतरले असावेत असा आमचा अंदाज, तो मान्य करत नाही.

रोज उघडायचं बंद केलं. शुक्रवार, शनिवार, रविवार संध्याकाळ, पण त्या तीन दिवशी म्हणजे उघडणारच, पाटीवर तसं रंगवलंय. पूर्णवेळवाल्याचे दोन हजार बंद, उलट बसलेल्या दिवसाचे त्याला २५० रुपये, जो बसेल त्याला, आम्ही बसलो तर आम्हालाही. आम्ही तिघं अडीच हजार घालतो. क्लास २० पोरांवर थांबवला आणि डेस्क रात्री माळ्यावर, वर्गखोली ताई तुमचा नियम. पहिल्याच रविवारी डेस्क चढवताना शिल्पकाराच्या पाठीत उसण भरली, तेव्हापासून घडीचे घेतलेत. फ्रेमिंग सुरू केलंय पण पट्टी ४५ अंशात कापणं हा विनोदाचा विषय झालाय आमच्याकडं, पहिल्या आठ फ्रेमांचे कोपरे असे उघडे की त्यातनं मुंगी जाईल. दूधवाल्या मामांच्या नातवाच्या बारशाचा फोटो मात्र नीट बसला. पैसे घेतले, घ्यायलाच लागले, नाहीतर ते रागावले असते.

उद्घाटनं बंद. म्हणजे समई, शाल बंद. तेवढे पैसे प्रदर्शनवाल्याला पाकिटात, सध्या १,५००. पहिलं पाकीट गडहिंग्लजच्या एका मुलाला दिलं तर तो म्हणाला, सर हे कशाचं? त्याला सांगताना आमचीच धांदल उडाली. शेवटी डिझाईनवाली म्हणाली, अरे एसटीचं भाडं समज.

आणि निळी शाई, बारावं चित्र चालू आहे.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात शिल्पांचं प्रदर्शन आहे आणि आमच्याकडं पेडेस्टल (शिल्प ठेवायचे उंच ठोकळे) नाहीत. नवीन प्लायचे करायचे तर एकेक अडीच हजार सांगतोय सुतार. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात कुणाकडं जुने पडून असतील तर कळवा, सहा पाहिजेत, वाहतूक आमची.

बार्देशकर

बुचं कुरिअर केलीत. शंभरेक आहेत. वास येईल थोडा, दोन दिवस उन्हात टाका.

मारुतीरोड_सांगली

माझ्याकडं पाच आहेत, घरामागच्या शेडमध्ये. साडेतीन फुटी, पांढरे होते. २०२१ चं पाणी त्यांनी बघितलंय, खालून दोन फुटांवर मातीची रेघ आहे सगळ्यांना, घासून जात नाही, रंगाचे दोन हात मारावे लागतील. एकाचा तळ फुगलाय, त्याखाली पाचर द्या नाहीतर डगमगेल, त्यावर जड काही ठेवू नका. पैसे नकोत. छोटा हत्ती पाठवणार असाल तर सोमवार सोडून कधीही, सोमवारी लाइट नसते आणि शेडमध्ये अंधार असतो. सहावं बघतो कुणाकडं आहे का.